सातारा-कास-बामणोली-तापोळा-महाबळेश्वर-मेढा राउंड: पहिल्यांदा सायकलवर जाणाऱ्यांसाठी

एक गोष्ट आधीच डोक्यात फिट करा, हा राउंड तुमच्या स्पीडवर चालत नाही, लाँचच्या टायमावर आणि उजेडावर चालतो. मधे शिवसागर आहे, म्हणजे कोयना धरणाचं बॅकवॉटर, आणि बामणोलीहून तापोळ्याला सायकल होडीत टाकूनच जायचंय, त्यामुळे अ‍ॅव्हरेज किती पडला, स्ट्राव्हा अ‍ॅपवर काय दिसेल हे सगळं घरी ठेवून या. दुपारच्या आत धक्क्यावर पोचलात की अर्धी लढाई जिंकली, नाही पोचलात तर पाय कितीही दमदार असूद्यात, काठावर बसून राहाल.

रूट असा. साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढून कास, कासवरून खाली उतरून बामणोली, तिथून लाँचने तापोळा, तापोळ्याहून महाबळेश्वरचा चढ, मग केळघर घाट उतरून मेढा आणि मेढ्याहून कण्हेरच्या कडेने परत सातारा. सायकलचं अंतर साधारण १२० किलोमीटर. ऐकायला फार वाटत नाही, सांगलीच्या सपाटीवर तिथली पोरं सकाळी सकाळी शंभर मारून नाष्ट्याला घरी असतात, पण इथे किलोमीटर मोजून उपयोग नाही. सातारा सातशे मीटरच्या आसपास, कास बाराशेच्या आसपास, शिवसागरचं पाणी परत साडेसहाशेला आणि महाबळेश्वर १३७२. म्हणजे नुसते दोन मोठे चढ धरले तरी बाराशे मीटर झाले, मधले चढउतार वेगळेच.

म्हणून नवीन माणसाने दोन दिवसच धरायचे. पहिल्या दिवशी सातारा ते बामणोली साधारण ३५-३८ किलोमीटर, मग लाँच, मुक्काम तापोळ्यात. दुसऱ्या दिवशी ऐंशीच्या आसपास, पण त्यातला चढ सगळा सकाळी सकाळी संपतो आणि नंतर घरापर्यंत बराचसा उतारच. उलट्या बाजूनेही लोक करतात, पण त्यात बामणोलीहून कासचा खडा चढ दुसऱ्या दिवशी दुपारी नशिबी येतो, पाय आधीच गेलेले, वरून ऊन, तर कशाला राव. कास आधी, महाबळेश्वर नंतर, हीच दिशा धरा.

आधी स्वतःची परीक्षा घ्या

सोपी टेस्ट आहे. एका रविवारी सातारा-कास-सातारा करा, पन्नासेक किलोमीटर होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत सायकलवर बसून तासभर चालवून बघा. बसवलं तर तयार आहात. गुडघा बोलायला लागला किंवा सीटवर टेकवत नसेल तर अजून महिनाभर थांबा, कास कुठे पळून जात नाही. सांगली-मिरजेच्या मंडळींना रोज यवतेश्वर मिळणार नाही, त्यांनी दंडोबाचा डोंगर आणि सागरेश्वरचा चढ यांच्यावर पाय घासून घ्यावेत, छोटे आहेत पण दोनतीनदा वरखाली केलं की काम होतं.

चढावर एकच नियम, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागत असेल तर तुम्ही जास्त जोर लावताय, गिअर हलका करा. आणि हलका गिअर असलाच पाहिजे सायकलला. रोड बाइक असेल तर पुढची लहान चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं चक्र, ३४ दातांची आणि मागे कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्रांत, मोठं चक्र निदान ३२ दातांचं असावं. हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर गिअरचं टेन्शन नाही, फक्त वजन जास्त. बिनगिअरची सायकल घेऊन जाणारेही भेटतात, त्यांना नमस्कार, पण तुम्ही नका तो नाद करू.

सायकलची तयारी

आदल्या आठवड्यात दुकानात दाखवून घ्या आणि दुकानदाराला स्पष्ट सांगा की घाट उतरायचाय, म्हणजे तो ब्रेक नीट बघेल. रिम ब्रेक असेल तर रबरावरच्या खाचा दिसल्या पाहिजेत, गुळगुळीत झाले असतील तर सरळ बदला, शेदीडशेचा प्रश्न असतो. डिस्क असेल तर पॅड किती उरलेत ते बघायला लावा. टायर २८ मिलीमीटरपेक्षा बारीक नको, ३२ मिळाला तर उत्तम, आणि त्यात हवा साठ-सत्तर पीएसआय, दगडासारखा फुगवू नका, कासच्या पुढे रस्ता कधी गुळगुळीत तर कधी नुसती खडी असा असतो, दर पावसाळ्यानंतर त्याचा अवतार बदलतो.

सोबत दोन ट्यूब, पॅच, पंप, टायर लिव्हर, अ‍ॅलन कीचा संच, चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). आणि पंक्चर काढता आलं पाहिजे, स्वतः, मागच्या चाकाचं पण. यूट्यूबवर बघून येतो म्हणणाऱ्यांनी घरी एकदा हात काळे करून घ्यावेत, कारण कास सोडलं की बामणोलीपर्यंत रेंजचा भरवसा नाही, व्हिडिओ कुठून बघणार. मॅप डाउनलोड करून ठेवा. कॅश ठेवा, सुट्टे ठेवा. पुढे-मागे ब्लिंकर लाइट पाहिजेतच, रात्रीसाठी नाही, धुक्यासाठी. हेल्मेटबद्दल वेगळं सांगायला लागू नये.

सामान पाठीवर नको. सॅकने घाटात पाठ भिजते आणि खांदे भरून येतात, कॅरिअर लावून बॅग त्यावर बांधा. एक जोडी कपडे, विंडचीटर, चप्पल, चार्जर, बास. तापोळ्यात कोण बघायला येतंय तुमचे कपडे.

कधी जायचं

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासला फुलं असतात हे जगाला माहितीय, २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांमधलं एक म्हणून कास जागतिक वारसा यादीत गेलं तेव्हापासून तर गर्दीला ऊत आलाय. फुलांसाठी जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार बघा. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, पोलीस वाहतूक वळवतात, आणि मागून हॉर्न मारणाऱ्या गाडीला साइड देताना तुम्ही कडेच्या खडीत जाता. रस्त्याने नुसतं सायकलवर पुढे जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पठारावर उतरून फुलं बघायची असतील तर हंगामात ऑनलाइन बुकिंग करून ठेवा, रोजच्या माणसांवर मर्यादा आहे. आणि फुलं बघताना पायवाट सोडू नका, खाली जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, बोटभर माती असते, तीत सीतेची आसवं आणि गेंद यांची एवढीएवढीशी झाडं उभी असतात, एका बुटाखाली पंधरा-वीस सहज जातात.

माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. हवा थंड, धरणात पाणी भरपूर, आकाश साफ. जानेवारीत महाबळेश्वर रोडला स्ट्रॉबेरी पण असते.

पावसाळ्यात हा राउंड करू नका, निदान पहिल्यांदा तरी नाही. फोटो लय भारी येतात मान्य, पण कासला धुकं पडलं की पुढचा सायकलवाला दिसत नाही आणि केळघर घाटात काळा कडा वगैरे भागात दरड येते, रस्ता बंद होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा या चार महिन्यांत. एप्रिल-मेमध्ये उलटं, पाणी खाली जातं, धक्का उघडा पडतो आणि सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून लाँचपर्यंत चालायची तयारी ठेवावी लागते.

पहिला दिवस

बाहेरून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच साताऱ्यात येऊन झोपायचं. पहाटे उजाडता उजाडता राजवाड्यावरून निघा. राजवाड्याहून समर्थ मंदिर, तिथे एक रस्ता बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरकडे जातो, आपण तिकडे नाही जायचं, यवतेश्वरचा घाट पकडायचा. घाट लगेच चालू होतो, पाय गरम व्हायला वेळच देत नाही, म्हणून निघण्याआधी गावातच दहा मिनिटं हलक्या गिअरवर गोल गोल फिरून घ्या, पोवई नाक्यापर्यंत जाऊन आलात तरी चालेल.

हा तोच रस्ता, सातारा हिल मॅरेथॉन होते तो. त्यामुळे सकाळी पळणारे, चालणारे भरपूर भेटतात, हात करतात. घाट पाच-सहा किलोमीटरचा, सलग चढ, वळणावर आतल्या बाजूने चढ जास्त खडा असतो, समोरून काही येत नसेल तर किंचित बाहेरून घ्या. नवीन पोरं इथेच चूक करतात, पहिल्या दोन किलोमीटरला उभं राहून पेडल मारतात आणि यवतेश्वरला पोचून आडवी होतात. बसून, हलका गिअर, श्वास लयीत. मागे वळून बघितलं की अजिंक्यतारा तुमच्याच लेव्हलला येत चाललेला दिसतो, तो खाली गेला की समजायचं आलंच.

यवतेश्वरला चहा घ्या. पुढे पेट्री, अनावळे, आटाळी करत रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो आणि हा पट्टा म्हणजे सगळ्या राउंडचा जीव. डाव्या हाताला खाली उरमोडीचं पाणी, पलीकडे सज्जनगड, उजव्या हाताला कण्हेरचं धरण, वेण्णा नदीचं. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधल्या धारेवर तुम्ही. रस्ता वरखाली होत राहतो, चढ घाटाइतका नाही पण वारा असतो, समोरून आला की सपाटीवर पण चढासारखं वाटतं, तेव्हा चिडू नका, एकामागे एक लागा, पुढचा दर पाच मिनिटांनी बदला.

कास तलाव पठाराच्या पुढे आहे, सातारा शहराला पाणी जातं ते इथून, त्यामुळे आत उतरून सायकल धुणं वगैरे प्रकार करू नका. तलावाजवळ कणीस, भजी, चहाची दुकानं असतात. इथे पोट भरून खा पण भजीने नाही, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की असलं काहीतरी, भजी नंतर उतारावर वर येते. साताऱ्याचे कंदी पेढे खिशात ठेवा, थट्टा नाही, एनर्जी जेलच्या दहा पट स्वस्त आणि तोंडाला बरे. पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर-लिंबू, इथेच परत भरून घ्या.

कासवरून बामणोलीपर्यंत उतार. चढताना माणूस दमतो, उतरताना पडतो. कवडीएवढ्या खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक निसटतं, म्हणून वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना स्पीड कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. दोन्ही ब्रेक सतत धरून ठेवू नका, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. हात हँडलच्या खालच्या भागावर, नजर वळणाच्या बाहेर पडणाऱ्या टोकाकडे. गाई-म्हशी रस्त्यात बसलेल्या असतात आणि त्यांना तुमची घाई नसते. एका वळणावरून खाली शिवसागर दिसायला लागतं, फोटो काढायचा तर थांबून, सायकल पूर्ण रस्त्याच्या कडेला घेऊन काढा.

लाँच

अकराच्या आसपास बामणोलीत पोचलात तर निवांत. आदल्या दिवशी फोन करून लाँचचं ठरवून ठेवलेलं बरं, बोटीचं भाडं माणशी नसतं, पूर्ण बोटीचं असतं, त्यामुळे एकट्या-दुकट्याला महाग पडतं, पाच-सहा जणांचा ग्रुप असेल तर परवडतं. एकटे असाल तर धक्क्यावर विचारा, तापोळ्याकडे कोण चाललंय का, गावातली माणसं सांगतात. दर आधी ठरवा, सायकलीचे वेगळे घेणार का ते पण आधीच विचारा, पाण्यात मधोमध गेल्यावर हिशोब नको.

सायकल लाँचमध्ये ठेवायची एक पद्धत आहे. बॅग काढून घ्या, चेन मोठ्या गिअरवर न ठेवता मागे सगळ्यात लहान चक्रावर आणा म्हणजे डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) आत येतो, मग सायकल आडवी ठेवताना चेनची बाजू वर. दुसरी सायकल वर ठेवायची असेल तर मधे टॉवेल नाहीतर गोणपाट, नाहीतर पेडलने पहिलीच्या स्पोक्सची वाट लागते. पुढचं चाक आणि फ्रेम एका दोरीने बांधा. हेल्मेट काढून ठेवू नका कुठेतरी, कोपराने ढकललं की गेलं पाण्यात. लाइफ जॅकेट घाला, पोहता येतं हे सांगू नका.

पाणी शांत असतं, कोयना, सोळशी, कांदाटी यांचं पाणी इथे एकत्र येतं. साठच्या दशकात कोयना धरण झालं, १०५ टीएमसीचं, तेव्हा या खोऱ्यातली कित्येक गावं खाली गेली. लाँचवाल्याच्या शेजारी बसलात आणि नीट विचारलंत तर कुठे कुणाचं शिवार होतं ते हाताने दाखवतो.

इथून पलीकडे कोयना अभयारण्य. बामणोलीत पोचल्यावर हमखास कोणीतरी म्हणतं, आलोच आहोत तर वासोटा पण करूया. नको. वासोट्याला वनखात्याची परवानगी लागते, वेगळी बोट, पूर्ण दिवस लागतो, आणि सायकल चालवून गेलेल्या पायांनी तो चढ उतरताना गुडघे माफ करत नाहीत. अभयारण्यात सायकल घालायचा विचार पण करू नका. हे सगळं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, २०१० पासून, कोयना अभयारण्य आणि तिकडे सांगलीच्या बाजूचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. शिराळ्याकडची मंडळी विचारतात की चांदोलीत सायकल राउंड होतो का, तर गाभा क्षेत्रात मनाला येईल तसं फिरता येत नाही, आणि येऊ पण नये. आपला हा रस्ता जंगलाच्या कडेकडेने जातो तेवढं पुरे.

लाँच मिळालीच नाही तर? बामणोलीत राहायची-जेवायची सोय होते, तिथेच मुक्काम करा आणि सकाळी पलीकडे जा. अंधार पडत असताना परत कास चढायला निघू नका, संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर थांबायचं, लाइट डोळ्यावर मारायचा नाही, तो जाईपर्यंत लांब उभं राहायचं.

तापोळ्यात घरगुती राहण्याच्या सोयी आहेत. जेवणाची ऑर्डर पोचल्या पोचल्या द्या, ऐनवेळी काही मिळत नाही. रात्री भात जास्त खा, सकाळी उपयोगी पडतो.

दुसरा दिवस

सहाला निघायचं, ऊन वर यायच्या आत चढ संपवायचा. तापोळा ते महाबळेश्वर पंचवीस-सत्तावीस किलोमीटर आणि सातशे मीटरची उंची. सरासरी काढली तर चढ फार नाही वाटत, पण सुरुवातीला रस्ता वरखाली खेळवतो आणि खरा चढ शेवटच्या भागात आहे, म्हणून पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू चालवा. दर पाच किलोमीटरला थांबून दोन घोट पाणी, एक काहीतरी तोंडात. भूक लागल्यावर खायचं नाही, लागायच्या आधी खायचं. नाही जमलं तर उतरून ढकला, काही लाज नाही, किंवा मागून येणारा पिकअप थांबवा, नाहीतर वडाप (शेअर जीप) मिळतं का बघा, सायकल टपावर जाते.

महाबळेश्वरला दहापर्यंत पोचता. तिथे मार्केटमध्ये रमू नका, ट्रॅफिक लय आहे. नाष्टा करा, ब्रेक परत एकदा तपासा आणि मेढा रोड धरा. चढून आल्यावर अंग घामेजलेलं असतं, उतरायच्या आधी विंडचीटर घाला, नाहीतर पाच मिनिटांत कुडकुडायला लागता.

केळघर घाट मोठा आहे, वळणं भरपूर, एसटी आणि टेम्पो दोन्हीकडून येतात. कास-बामणोलीला सांगितलं तेच इथे, फक्त जास्त वेळ. हाताची बोटं दुखायला लागली की थांबा, ब्रेकवरची पकड ढिली पडल्याचं स्वतःला कळत नाही. आरशाच्या वळणावर घंटी वाजवा, ओरडा, काहीही करा पण समोरच्याला कळू द्या. ग्रुपमध्ये असाल तर उतारावर एकमेकांना चिकटू नका, निदान दोन वीजेच्या खांबांएवढं अंतर.

खाली केळघरला आलात की वेण्णा सोबतीला येते, महाबळेश्वरला लेकमध्ये दिसते तीच. मेढ्यात जेवा. जावळी तालुक्याचं गाव आहे, १६५६ मध्ये महाराजांनी घेतलेली जावळी ती ह्याच मुलखातली, आज दुपारी मात्र तिथे पिठलं-भाकरी आणि ताक मिळालं की झालं. जेवून अर्धा तास पडा.

मेढा ते सातारा पंचवीसेक किलोमीटर, कण्हेर, हामदाबाज, कोंडवे करत. रस्ता सोपा आहे आणि म्हणूनच इथे लक्ष उडतं, दमलेला माणूस मान खाली घालून चालवतो. एकेरी रांगेत, डाव्या कडेने. ऊसाच्या सीझनला ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, त्यांना ओव्हरटेक करायची घाई नको, दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागची डुलते. कोंडव्याच्या पुढे मोळाच्या ओढ्याला गावाचं ट्रॅफिक लागतं, तिथे शाळा सुटायच्या वेळेला आलात तर सरळ उतरून चाला.

घरी गेल्यावर त्याच दिवशी चेन पुसून तेल द्या, कासची लाल धूळ आणि लाँचमधलं पाणी दोन्ही मिळून चार दिवसांत गंज धरतं. आणि ब्रेकचं रबर परत बघा, दोन घाट उतरल्यावर किती झिजलं ते कळेल.